मूठ समोरच्याकडे

विमानतळावर ज्या माणसाला सगळे मुकादम म्हणत, त्याला घरात बारक्या म्हणत. उंची म्हणाल तर कुठल्याही दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागे. तरी नाव बारक्या. ते त्याच्या ताईनं ठेवलेलं, तो खरोखरच बारका होता तेव्हा. पुढे तो ताडमाड वाढला, पण तेवढ्यावरून नाव बदलायची ताईला काही गरज वाटली नाही. साठीला टेकलेल्या माणसाला फोनवर अजून कोणी "बारक्या, जेवलास का?" असं विचारत असेल, तर त्याचं नशीब बरं आहे असं समजावं.

आणि एवढ्या उंच माणसानं काम कोणतं पत्करावं? विमानाच्या पोटात सामान रचायचं. पोट म्हणजे प्रवाशांच्या पायाखालची ती बुटकी जागा, जिथे त्यांच्या बॅगा जातात. तिथे उभं राहता येत नाही. गुडघ्यांवर रांगत, पाठ दुमडून, एकेक बॅग ओढून रचत जायची. उन्हाळ्यात ती जागा तव्यासारखी तापते. मुकादमाची उमेदीची सगळी वर्षं तिथे गेली. त्याच्या डोक्यावरच्या खुर्च्यांत बसून किती माणसं कुठे कुठे गेली आली, पण तो स्वतः कधी वर बसला नव्हता.

"विमानात बसलास का रे कधी?" ताई विचारायची.

"रोजच बसतो की. फक्त खुर्ची नसते."

ह्या उत्तरावर ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची.

त्यांचा बाप लवकर गेला आणि आईनंही त्याच्या मागोमाग जायची घाई केली. ताई तेव्हा शाळा सोडून एका लाँड्रीत इस्त्रीला उभी राहिली. दिवसभर लोकांचे शर्ट आणि संध्याकाळी भावाचा अभ्यास. लग्नसुद्धा तिनं उशिरा केलं. "आधी ह्याच्या खांद्यावरचं दप्तर उतरू दे" म्हणत राहिली. तिच्या उजव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांचे डाग होते आणि जीभ भलतीच तिखट होती. भावाला तिनं मोठं शहाणपण शिकवलं नाही, कारण ते तिच्याकडेही नव्हतं. बारीकसारीक सवयी मात्र त्याच्या अंगात मुरवल्या. कात्री देताना पातं आपल्याकडे आणि मूठ समोरच्याकडे. बादली भरून ठेवली की कडी वर उभी. छत्री कोपऱ्यात ठेवायची तर दांडा बाहेर. एकदा त्यानं चुकून पातं पुढे करून कात्री दिली तेव्हा हातावर फटका बसला.

"पण का गं?" त्यानं रडत विचारलं.

"पुढचा माणूस अंधारात आला तरी त्याचा हात बरोबर मुठीवर पडला पाहिजे. त्याला शोधायला लावू नये." मग जरा विरघळून म्हणाली, "आपलं काम झालं म्हणून हात झटकून मोकळं व्हायचं नसतं, बारक्या. पुढचा अजून यायचा असतो."

हीच सवय तो विमानाच्या पोटात घेऊन गेला. प्रवाशाच्या बॅगेला नंबराची चिठ्ठी लावतात, ती तिच्या मुठीला अडकवलेली असते. मुकादमाच्या टोळीत प्रत्येक बॅग मूठ बाहेर करूनच रचायची, मग ती राजाची असो की रंकाची. बॅगा पोटाच्या दारापर्यंत चढवणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर बॅग ठेवणाऱ्यानं ती सरळ ठेवायची, वर पोटात बसलेल्यानं मूठ आपल्याकडे फिरवून थर लावायचा. असा माल रचला की एकही बॅग न उपसता, नुसती बॅटरी फिरवून, सगळ्या चिठ्ठ्या वाचता येतात. ह्याला वेळ लागतो. नवी माणसं कुरकुर करत. ती कुरकुर मुकादम एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून देई.

आता चिठ्ठ्या वाचायची वेळ येतेच कशाला? तर सामान एकटं जात नाही म्हणून. प्रवाशानं बॅग दिली, ती पोटात गेली, आणि तो स्वतः मात्र विमानात चढलाच नाही, तर त्याची बॅग शोधून खाली उतरवल्याशिवाय विमान हलत नाही. बॅग यंत्रातून तपासून आलेली असते, तरीही नाही. फार वर्षांपूर्वी कुठे कुठे अशा बॅगा एकट्या गेल्या होत्या. बॅग देणारे जमिनीवर राहिले आणि विमानं पोचलीच नाहीत. तेव्हापासून देशोदेशींच्या लोकांनी एकत्र बसून हे ठरवलं आणि कागदावर आणलं. शिकवायला आलेल्या बाईंनी हे टोळीला सांगितलं, तेव्हा मुकादम पुढच्याच बाकावर पाय दुमडून बसला होता. बाई म्हणाल्या, "तुम्ही इथे जे करता तेच समुद्रापलीकडे एक माणूस करतोय. तुम्ही त्याला कधी बघणार नाही. त्यानं चूक केली तर ती तुमच्या दारात उतरते आणि तुमची त्याच्या दारात."

मुकादमाला हे इतकं भावलं की त्यानं घरी येऊन ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या भावकीत भर पडली म्हणायची. त्यांना सांग, मुठी बाहेर ठेवा."

टोळीत मुकादमाच्या खालोखाल पैलवान. नाव पैलवान आणि अंगानं काडी. विमानाचं इंजिन सुरू झालं की ह्याला कोणीतरी धरून ठेवा, अशी थट्टा चालायची. तो आला तेव्हा त्याला काहीच येत नव्हतं, मुकादमानंच त्याला हाताला धरून शिकवलं. सुरुवातीला तो म्हणायचा, "दादा, महिन्यात एखादाच प्रवासी मागे राहतो. त्या एकासाठी रोज सगळ्या बॅगांच्या मुठी फिरवायच्या?"

"तो एक कुठल्या दिवशी राहणार ते कळव मला. बाकीच्या दिवशी नको फिरवूस."

पैलवानानं पुढे कधी विचारलं नाही. हळूहळू तोच नव्या माणसांना हे वाक्य आपलं म्हणून ऐकवू लागला.

ताईचा नवरा गेल्यावर ती दूरच्या शहरात मुलीकडे राहायला गेली. मुलीचं घर तिथल्या विमानतळाला लागूनच, सगळ्यात वरच्या मजल्यावर. विमानं डोक्यावरून इतकी खाली जात की कपाटातल्या कपबश्या किणकिणत. सगळा मजला त्या आवाजाच्या नावानं बोटं मोडी. ताईनं मात्र आपला पलंग हट्टानं खिडकीशी लावून घेतला होता. विमान गेलं की ती हात वर करायची आणि म्हणायची, "हे बारक्यानं भरलेलं."

"आई, जगातली सगळी विमानं काय मामाच भरतो?" भाची म्हणायची.

"तू गप. मला खालून कळतं."

तिचं हृदय गेली दोन वर्षं कुरबुर करत होतं. मुकादम दर खेपेला म्हणायचा, येतो, येतो. एकदा सुट्टी मिळाली नाही, एकदा बायकोचे गुडघे, एकदा आणखी काही. माणूस जिवंत आहे तोवर आपल्याला वाटतं, त्याला भेटायला वेळ भरपूर आहे. मग एका सकाळी कामावर असतानाच भाचीचा फोन आला. तो हातातली बॅग खाली ठेवून ऐकू लागला.

"मामा, डॉक्टर म्हणाले आज... आजच काय ते. तिला दवाखान्यात जायचं नाहीये. शुद्धीत आहे, पण मधेच डोळे मिटते. सारखी तुझंच विचारतेय. निघ तू."

मागून ताईचा आवाज आला, विहिरीच्या तळातून यावा तसा. "त्याला सांग, धावपळ करू नकोस. मी थांबते."

आगगाडीनं गेलं तर दुसरा दिवस उजाडला असता. ड्यूटीवरच्या साहेबांनी धावपळ करून दुपारच्या विमानात एक जागा मिळवली. बायको फोनवर म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी गाडीनं मागून येते. आणि ताईंना माझं नाव सांगा, विसराल." अशा रीतीनं मुकादम आयुष्यात पहिल्यांदा विमानात वरच्या बाजूला बसायला निघाला. कामाचे बूट, कामाची पँट, वर पैलवानानं दिलेला स्वतःचा शर्ट. पैलवानाचा शर्ट मुकादमाला कितपत होणार? बटणं तट्ट ताणली होती.

ते विमान भरायचं काम त्याच्याच टोळीकडे होतं. निघताना पैलवानानं त्याचे दोन्ही हात धरले. "दादा, तुम्ही नुसते वर जाऊन बसा. आज तुमचं विमान वेळेच्या आधी दार लावून तयार ठेवतो. कसं उडत नाही तेच बघतो."

तपासणीच्या दारात रोज नमस्कार करणाऱ्या बाई उभ्या होत्या. त्यांनी त्याला हात पसरायला लावले, पट्टा काढायला लावला, बूट यंत्रातून घातले. "काका, बातमी कळली मला. माफ करा हं, पण हे करावंच लागतं."

"करा, करा. मला तसंच सोडलंत तर मीच तुमची तक्रार करीन," तो म्हणाला. बाईंचे डोळे भरून आले, पण हात थांबला नाही.

जागा पंखाच्या मागे, खिडकीशी. बसताना डोकं वरच्या फळीला आपटलं. शेजारी एक कापडाचा व्यापारी होता, बोलका माणूस. त्यानं मुकादमाला कमरेचा पट्टा कसा लावायचा ते दाखवलं. मुकादमानं खिडकीला नाक लावलं. खाली, जिथे त्यानं जन्म काढला, तिथे त्याची माणसं मुंग्यांसारखी पळत होती. वरून सगळं किती लहान दिसतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि मग त्याला दिसलं. पट्ट्यावर बॅगा कशाही जात होत्या. आडव्या, उलट्या, एकीवर एक. खालचा माणूस बॅग सरळ करायला थांबत नव्हता, नुसता भिरकावत होता. वर पोटाच्या दारात बॅग आली की आतून दोन हात यायचे आणि तिला ओढून आत फेकायचे. एकाही बॅगेची मूठ कोणी फिरवत नव्हतं. पैलवान हात हलवून सगळ्यांना घाई करत होता, चला, चला, दादांचं विमान आहे.

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मुकादमानं आकाशपाताळ एक केलं असतं. त्या दिवशी त्याला बरं वाटलं. आज एक दिवस, तो मनात म्हणाला. पोरं माझ्यासाठी करताहेत. लोकांना सांगायचं ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, असं त्याच्या मनात आलंही, पण ते त्यानं झटकून टाकलं. खरोखरच विमान वेळेच्या पुष्कळ आधी भरून झालं. पोटाचं दार लागलं. पट्ट्याची गाडी मागे सरली. पैलवानानं खिडकीकडे बघून अंगठा वर केला. आमच्या बाजूनं सगळं तयार, अशी ती खूण. देश कोणताही असो, तिचा अर्थ हाच. मुकादमानंही काचेला अंगठा लावला.

पण विमान हलेना. थोड्या वेळानं वैमानिकाचा आवाज आला. एक प्रवासी अजून आलेले नाहीत. त्यांचं सामान उतरवावं लागेल. सर्वांच्या सुरक्षेसाठी हे आवश्यक आहे, कृपया सहकार्य करावं.

मुकादमाचा हात कमरेच्या पट्ट्याकडे गेला. खाली उतरावं, आत शिरावं, असं त्याला झालं. पण प्रवासी एकदा आत बसला की त्याला खाली उतरून विमानाच्या पोटात जाता येत नाही. तोही नियमच.

"एका बॅगेपायी एवढ्या माणसांचा खोळंबा!" व्यापारी वैतागला. "अहो, जाऊ द्यायची तशीच. तपासलेली तर असते."

"नाही जात," मुकादम म्हणाला. "सामान एकटं जात नाही."

हे त्यानं तोंडानं म्हटलं. मनात तो व्यापाऱ्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होता, जाऊ द्या रे, एवढी एक जाऊ द्या.

पोटाचं दार पुन्हा उघडलं. पट्टा पुन्हा लागला. बॅगा बाहेर येऊ लागल्या, कारण आता दुसरा उपाय नव्हता. मुठी आत, चिठ्ठ्या आत, प्रत्येक बॅग ओढून फिरवून बघायची. मुकादमाला त्या पोटाची इंच न् इंच माहिती होती. रोजच्या पद्धतीनं रचलं असतं तर बॅटरी घेऊन आत गेलेला माणूस दोन बिड्या ओढायच्या वेळात बॅग घेऊन बाहेर आला असता. आता अर्धं पोट जमिनीवर आलं तरी ती सापडेना. काळी बॅग, म्हणे. जगात निम्म्या लोकांच्या बॅगा काळ्याच. वेळ जात होता, आणि त्या दूरच्या खिडकीशी ताई थांबली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावा कोणाला म्हणायचं?

विमान सोडायच्या ड्यूटीवर असलेली बाई वायरलेस कानाला लावून विमानाच्या पलीकडच्या बाजूला गेली. तेव्हा पैलवान एकटाच जमिनीवरच्या बॅगांमध्ये उभा होता. त्याचा हात एका काळ्या बॅगेवर होता. पण ती हवी असलेली बॅग नव्हती. असती तर तो नाचला असता. त्यानं मान वर करून खिडक्या शोधल्या. मुकादमाची खिडकी सापडली. दोघांची नजर भिडली. पैलवानानं अंगठा छातीपर्यंत उचलला आणि तिथेच धरून ठेवला. वर केला नाही, खालीही घेतला नाही.

मुकादमाला प्रश्न कळला. मिळाली म्हणून सांगू का, दादा? हीच ती, म्हणून सांगू? बाकीच्या आत भरू आणि दार लावू? नुसती एक मान हलवायची होती. ताई थांबली होती.

आता इथे कोणी म्हणेल की त्याला विमानातल्या बायकापोरांचा विचार आला. खोटं कशाला बोला? त्याला कोणाचाही विचार आला नाही. त्याला फक्त चटक्यांचे डाग असलेला एक हात दिसत होता, आणि तो त्याला धरायचा होता. पण मान हलली ती उजवीकडून डावीकडे. नाही. मनाला विचारायला ती थांबलीसुद्धा नाही. इतक्या वर्षांची मान होती ती, तिनं आपलं काम केलं. खाली पैलवानाचा अंगठा मिटला आणि तो पुन्हा पोटात शिरला.

मुकादम खिडकीला कपाळ लावून बसला आणि त्यानं स्वतःला अशा शिव्या घातल्या की त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

बॅग शेवटी सापडली, सगळ्यात तळाशी, भिंतीकडे मूठ करून पडलेली. तोवर विमानाची उडायची पाळी निघून गेली होती. दुष्काळात तेरावा महिना. पुढची पाळी येईपर्यंत धावपट्टीच्या कडेला आणखी थांबावं लागलं. तो न आलेला प्रवासी, नंतर कळलं, भलत्याच दाराशी कानात गाणी घालून खुर्चीत झोपला होता. बॅगेत त्याचे कपडे होते. दुसरं काही नव्हतं.

आयुष्यातल्या पहिल्या विमानप्रवासातलं मुकादमाला फारसं काही आठवत नाही. ढग होते. व्यापाऱ्यानं त्याला स्वतःचं पाणी दिलं, एवढं आठवतं. विमान उतरलं, तेव्हा बाहेर पिवळा अंगरखा घातलेला एक माणूस दोन्ही हातांतल्या काठ्या हलवून त्याला जागेवर आणत होता, अगदी त्यांच्याकडे आणतात तस्साच. पोटाचं दार उघडलं आणि एक अनोळखी माणूस गुडघे टेकून आत शिरला. शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या होत्या तो कधी न बघितलेला माणूस, ताईच्या भाषेत भावकीतला, हाच. दुसऱ्या कुठल्या दिवशी मुकादमानं त्याला हात केला असता.

भाचीच्या घराचं दार सताड उघडं होतं. ते बघूनच त्याला कळलं.

ताई खिडकीशी होती. चेहरा शांत, इस्त्री केल्यासारखा. त्यानं तिचा हात हातात घेतला. त्यात अजून थोडी ऊब होती. एवढीशी ऊब मागे ठेवण्यापेक्षा तो हात पार गार झालेला असता तर बरं, असं त्याला वाटलं. तो पलंगाशी जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्याला वाकायची सवय होतीच.

पुष्कळ वेळानं भाची बोलली. "तुझी यायची वेळ टळून गेली तरी ती दाराकडे बघत होती, मामा. दम लागत होता, पण डोळे मिटेना. सारखी विचारायची, आला का, आला का. मला बघवेना रे. मग वरून एक विमान गेलं. मी म्हटलं, आई, हे बघ, ह्यातनं मामा आला. तशी ती हसली. हात वर करायला गेली, पण उचलला नाही. म्हणाली, दार उघडं ठेव, बारक्याला बेल शोधायला लावू नकोस. मी दार उघडून परत येईपर्यंत..." भाचीनं तोंडात पदर घातला. "मी खोटं बोलले, मामा. बोलले नसते तर ती अजून थांबली असती का रे?"

मुकादमाला त्या घटकेचा हिशेब कळत होता. ते भलतंच विमान तिच्या डोक्यावरून गेलं, तेव्हा त्याचं विमान हवेत होतं. वेळेवर सुटलं असतं तर तो केव्हाच ह्या पलंगाशी बसलेला असता. त्यानं भाचीच्या डोक्यावर हात ठेवला.

"चांगलं केलंस," तो म्हणाला. "तिला किती थांबायला लावायचं?"

दिवस उरकले. मुकादम परत आला आणि कामावर गेला, कारण घरी बसून करणार काय. टोळी शेडमध्ये चहा पीत होती. तो आत आला तसे सगळे उठून उभे राहिले आणि जमिनीकडे बघू लागले. पैलवान तर आणखी वाळला होता. तो म्हणे तेव्हापासून धड जेवत नव्हता. मुकादमानं त्याचा शर्ट परत केला, बायकोनं धुऊन घडी घातलेला.

"दादा," पैलवान म्हणाला. "आम्ही मुठी फिरवल्या नाहीत. तुम्हाला लवकर पोचवायचं म्हणून... मीच म्हटलं, आज राहू दे. दादा, भेट झाली ना? भेटलात ना ताईंना?"

सगळी टोळी कप हातात धरून ऐकत होती. मुकादमानं पैलवानाकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर हा माणूस उरलेला जन्म तो शब्द पाठीवर घेऊन रांगला असता.

"झाली," तो म्हणाला.

"बोलल्या?"

"बोलली की. म्हणाली, दार उघडं ठेवा, बारक्याला शोधायला लावू नका."

पैलवान मटकन खाली बसला आणि हुंदके देऊन रडू लागला. कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघ, आम्ही सांगत नव्हतो? झाली भेट." शेडमध्ये सुटल्यासारखी हालचाल झाली, कप वाजले. मुकादमानं आपला चहा घेतला. तो गार होता, तरी प्यायला.

मग विमान लागलं. तो नेहमीसारखा पोटात शिरला, पार शेवटच्या टोकाला, जिथे दाराचा उजेड पोचत नाही. पट्ट्यावरून बॅगा येऊ लागल्या, प्रत्येक सरळ, प्रत्येकीची मूठ बरोबर त्याच्या बाजूला. त्या दिवशी कोणाला काही सांगावं लागलं नाही. थर वर चढत गेला. शेवटची बॅग लावल्यावर बॅटरी काढायची तर ती तो शेडमध्येच विसरला होता. त्यानं अंधारात नुसता हात पुढे केला, आणि तो बरोबर एका मुठीवर पडला.

त्यानं ती मूठ धरली आणि सोडेना. कोणाची बॅग होती कोण जाणे. तो गुडघ्यांवर, मान खाली घालून, ती घट्ट धरून बसला.

"दादा," खालून पैलवानाची हाक आली, "झालं का?"

मुकादमानं बाहीनं तोंड पुसलं, रांगत दारापाशी आला आणि अंगठा बाहेर काढून दाखवला. त्या दिवशी सगळे प्रवासी आले होते. विमान वेळेवर गेलं.